त्याच दारात पुन्हा जाणारं संशोधन

दरवर्षी २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की पुरवण्यांत आणि वाहिन्यांवर स्मृतिभ्रंशाची चर्चा सुरू होते, आणि दरवर्षी ती त्याच दोन टोकांना जाऊन अडकते. एका टोकाला नवं औषध, नवी रक्तचाचणी, रोजचं शब्दकोडं यांची भलामण करणारे. दुसऱ्या टोकाला वैतागलेले, आणि त्यांचा वैताग रास्तच असतो. घरात आई तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारते, रात्री कडी काढून बाहेर पडते, ब्युरोने पाठवलेली बाई आठवड्याभरात काम सोडून जाते, आणि तुम्ही माणसांच्या आठवणींच्या नोंदी घेण्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतता? आधी सांभाळ, मग मोजमाप, असं त्यांचं म्हणणं. मला ही दोन्ही टोकं चुकीची वाटतात. म्हातारपणातल्या बुद्धीविषयी आज जे भरवशाने सांगता येतं, त्यातलं बरंचसं त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन मिळालेलं आहे. आपल्या देशात, आपल्या माणसांसाठी हे काम खंड न पाडता चालवणं ही चैन नव्हे. सांभाळाची व्यवस्था उभी करायची तर तिचा पाया हाच आहे, आणि त्यासाठी सरकारने तीन नव्हे, तीस वर्षांचा शब्द द्यायला हवा.

‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रही जवळपास हेच सांगत होतं. विशीपासून सत्तरीपर्यंतच्या माणसांना एकाच सुमारास एकच चाचणी द्यायची आणि गुण वयानुसार मांडायचे. रेघ तिशीनंतरच उतरायला लागे. १९५६मध्ये के. वॉर्नर शाई या तरुण संशोधकाने सिएटलमध्ये आपल्या पीएचडीसाठी ५०० माणसांची अशीच चाचणी घेतली. पण ते तिथे थांबले नाहीत. ७ वर्षांनी, १९६३मध्ये, त्यांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं, जोडीला नवी माणसं घेतली, आणि पुढे कित्येक दशकं दर ७ वर्षांनी हा क्रम चालू राहिला. त्यातून चित्रच पालटलं. झटपट काम उरकण्याचा वेग लवकर मंदावतो हे खरं, पण शब्दसंपत्ती, तर्क, आकलन यांतलं बरंच काही बहुतेकांच्या बाबतीत साठीपर्यंत टिकून राहतं. मग ती उतरती रेघ कुठून आली? पुष्कळशी ती वयाची नव्हतीच, ती पिढ्यांची होती. सत्तरीतल्या माणसाने तिशीतल्याइतकी शाळा पाहिलेली नव्हती, एवढाच तो फरक.

हीच गफलत आपल्याकडे किती मोठी ठरेल, याचा विचार करा. १९४५च्या आसपास एखाद्या खेड्यात जन्मलेली, चौथीत शाळा सुटलेली आजी आणि तिची बी.कॉम. झालेली नात, दोघींना एकच चाचणी दिली तर आपण काय मोजतो? आजीचं वय, की स्वातंत्र्याच्या काळात मुलीला शाळेत पाठवण्याविषयीची गावाची नाखुशी? हा प्रश्न हवेतला नाही. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी करते. तिच्या २०१७-१८मधल्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या. त्यातल्याच साठीपुढच्या ४,०९६ जणांची दिल्लीच्या एम्स आणि इतर संस्थांनी बारकाईने तपासणी केली. निष्कर्ष असा की भारतात साठीपुढच्या १०० जणांत सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना. बायकांमध्ये हे प्रमाण ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८. आता हा फरक बाईच्या शरीरातला, की तिला न मिळालेल्या शाळेतला? एका फेरीतून याचा उलगडा होणार नाही. आज पन्नाशीत असलेल्या, तुलनेने अधिक शिकलेल्या बायका सत्तरीला पोचेपर्यंत त्यांच्यामागे राहावं लागेल. दुसरा मार्ग नाही.

विरोधकांचा सर्वात वजनदार मुद्दा मी आधी मान्य करतो. आज घराघरांत जी माणसं रात्रीचा दिवस करून आपल्या माणसाला सांभाळतात, त्यांच्या वाट्याला या आकड्यांतून काहीही येत नाही. जिल्ह्याच्या गावी न्यूरॉलॉजिस्ट मिळणं मुश्कील, दिवसभराची सांभाळ-केंद्रं मोजक्या शहरांत, आणि सगळा भार बहुतेक वेळा एका सुनेवर किंवा लेकीवर. तिला कोणी येऊन ‘आणखी वीस वर्षं अभ्यास करू’ म्हणालं तर तिने दार लावून घेतलं तरी मी तिला दोष देणार नाही.

पण सांभाळ द्यायचा कुठे आणि किती जणांना? २०१०च्या ‘डिमेन्शिया इंडिया’ अहवालात रुग्णांचा अंदाज ३७ लाख होता. आता आकडा ८८ लाखांवर आला. रोग दुपटीहून अधिक वाढला, म्हातारी माणसं वाढली, की मोजायची रीत बदलली? दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या पद्धतींनी, वेगळ्याच माणसांना मोजलं की हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. तोवर कुठलाही अर्थमंत्री ‘आकडे वादग्रस्त आहेत’ म्हणून फाइल बाजूला ठेवू शकतो. ‘लासी’च्या त्याच पाहणीने आणखी एक गोष्ट दाखवली: स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे, ८.४ विरुद्ध ५.३ टक्के. आपल्या तुटपुंज्या सोयी तर मुंबई-पुण्यात एकवटलेल्या. म्हणजे मदत कुठे न्यायला हवी, हे मोजणीनेच सांगितलं. शिवाय मला एक साधा प्रश्न पडतो. अशा संशोधनावर आजवर महाराष्ट्राने फार पैसा उधळलाय असं कोणी म्हणणार नाही. त्या वाचलेल्या पैशांतून तालुक्यातालुक्याला सांभाळ-केंद्रं उभी राहिली का? ज्या तिजोरीतून दोन्हींसाठी काही निघत नाही, तिथे एकाचा घास दुसऱ्याने पळवला म्हणणं बरोबर नाही.

दुसरा आक्षेप असा की परदेशात हे सगळं होऊन गेलंय, त्यांचेच निष्कर्ष वापरा. परदेशातलं काम थोरच आहे. १९८६मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणी सामील झाल्या. मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला देण्याचं त्यांनी कबूल केलं. त्यातल्या एक १०१व्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत त्यांचे चाचण्यांतले गुण उत्तम होते आणि मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. रोगाच्या खुणा आणि रोगाचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे किती मोठं ज्ञान आहे! (याच जोगिणींनी विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत विचार जितके दाट, तितका पुढे अल्झायमर कमी, असंही आढळलं. बातम्यांनी त्याचं ‘चांगलं लिहा, अल्झायमर टाळा’ करून टाकलं, जे त्या अभ्यासाने म्हटलेलं नव्हतं.) पण एकाच तऱ्हेने जगणाऱ्या, शिकलेल्या, ख्रिस्ती मठातल्या बायकांवरून चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईचं भविष्य कसं सांगणार? अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने २०१६मध्ये सांगितलं की तीन दशकांत तिथे स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी घटलं. फार आशादायक बातमी, पण ही घट फक्त किमान हायस्कूल पूर्ण केलेल्यांत दिसली. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांना ती लागू पडली नाही, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांत बहुसंख्य तेच आहेत.

मोजायची पट्टीसुद्धा आयती आणून चालत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत कागदावरची ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून तसं करायचं असतं आणि स्वतः एक वाक्य लिहायचं असतं. निरक्षर आजी यात नापास होणार ती विसरभोळी म्हणून नव्हे, अक्षर येत नाही म्हणून. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९०च्या दशकात तिचं रूप पालटलं. कार्यकर्ता समोर बसून सांगतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहायच्या जागी ‘तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा’. जोडीला घरातल्या माणसाला वेगळं विचारायचं: या पूर्वी जे करत होत्या आणि आता जमत नाही असं काय आहे? इथेच खरी अडचण सुरू होते. एकत्र कुटुंबात आजीने पैशांचे व्यवहार कधीच पाहिलेले नसतात, स्वयंपाक सुनेकडे गेलेला असतो, बाहेर तर ती एकटी जातच नाही. मग तिला काय जमेनासं झालं हे कोणाच्या लक्षात येणार? ‘वयच झालंय आता’ म्हणून घर तिला प्रेमाने सांभाळून घेतं आणि रोग त्या प्रेमाआड दडून राहतो. एका भेटीत तो पकडता येत नाही. तीच आजी तीन वर्षांपूर्वी घराविषयी काय बोलली होती आणि आज काय बोलते, हे शेजारी ठेवलं की मात्र दिसतं.

आणि काही प्रश्न तर आपलेच आहेत, दुसरं कोणी ते आपल्यासाठी सोडवणार नाही. २०१३मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ रुग्णांवरून दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली, निरक्षरांतसुद्धा. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कारखान्यात तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकराला याचा आनंद व्हावा असाच हा निष्कर्ष. पण हे दवाखान्यात आलेले रुग्ण होते. कोण दवाखान्यात येतं, केव्हा येतं, यावर बरंच काही अवलंबून असतं. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या हजारावर वृद्धांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला; त्याचा २०१४मधला निष्कर्ष असा की दुसरी भाषा येणाऱ्यांचे सुरुवातीचे गुण सरस होते, पण पुढची घसरण किंवा रोग जडण्याचं प्रमाण त्याने बदललं नाही. हैदराबाद बरोबर की न्यूयॉर्क? की दोन्ही, आपापल्या जागी? स्थलांतरित होऊन कामापुरती इंग्रजी शिकणं वेगळं आणि जन्मापासून तीन भाषांत वावरणं वेगळं. याचा निकाल सोलापूर, बेळगाव, हैदराबादच्या धडधाकट माणसांमागे दोन दशकं राहूनच लागेल.

ही श्रीमंत देशांची हौस आहे, असं म्हणणाऱ्यांनी कोलंबियाकडे पाहावं. मेडेलिन हे शहर जगातल्या सर्वात हिंसक शहरांत गणलं जात होतं, त्या काळात तिथले न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्सिस्को लोपेरा आंतिओकियाच्या डोंगराळ भागातल्या घराघरांत जात होते. चाळिशीतच स्मृती जाणाऱ्या एका विस्तीर्ण कुळाचा माग त्यांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींपर्यंत काढला आणि १९८०च्या दशकापासून २०२४मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत त्या कुटुंबांची साथ सोडली नाही. त्या चिकाटीमुळेच २०१९मध्ये जगाला एक बाई ठाऊक झाली: घातक जनुक अंगात असूनही सत्तरीपर्यंत शाबूत राहिलेली, दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकीय बदलामुळे. आज औषध शोधणारे त्या बदलाचा अभ्यास करतात. लोपेरा तीन वर्षांचा प्रकल्प संपवून निघून गेले असते तर ती कोणाला भेटलीच नसती.

‘पण किती वर्षं?’ हा प्रश्न कारकुनी वाटतो, आणि तोच सर्वात घातक आहे. फ्रेमिंगहॅमचा अभ्यास १९४८मध्ये हृदयरोगासाठी सुरू झाला. वीस वर्षं झाल्यावर सरकारी यंत्रणेला वाटलं, आता पुरे, कळायचं ते कळलं. अभ्यासाची धुरा आधी सांभाळलेल्या थॉमस डॉबर यांनी खासगी देणग्या जमवून तो जगवला. तेव्हा बंद पडला असता तर २०१६चा तो निष्कर्ष आलाच नसता, कारण सुरुवात करणाऱ्यांच्या मनात स्मृतिभ्रंशाचा विचारही नव्हता. असाच दाखला आपल्या अंगणातही आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वाचनं बिघडणार, हे दिसताच नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली आणि जुन्या-नव्या नोंदी एकमेकींशी ताडता याव्यात म्हणून १९०४ ते १९०६ दोन्हीकडे वाचनं घेतली. मालिका तुटू नये यासाठी केवढी ही दक्षता! १८५९मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाची कुलाब्याची नोंद २००३मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता काढायला वापरली. १८५९मध्ये ती वाचनं टिपणाऱ्याला कोणी विचारलं असतं, याचा उपयोग काय, तर त्याने काय सांगितलं असतं? लोखंडी सुई दीडशे वर्षं मोजण्याची शिस्त जिथे होती, तिथे माणसाची स्मृती तीस वर्षं मोजणं आपल्याला लांबलचक का वाटावं?

या अभ्यासांच्या उणिवा खऱ्या आहेत. ज्यांची स्मृती ढासळते तेच आधी गळतात, म्हणून उरलेल्यांचं चित्र आहे त्याहून बरं दिसतं. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. शाई दर फेरीला नवी माणसं घेत ते याचसाठी. आणि दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. पण प्रयोगाला माणसं कुठून मिळतात? फिनलंडमधल्या ‘फिंगर’ प्रयोगाने २०१५मध्ये दाखवलं की आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं मिळून दोन वर्षांत चाचण्यांतले गुण थोडे सुधारतात. त्यातली १,२६० माणसं आधीच्या लोकसंख्या-पाहण्यांतून निवडलेली होती.

मग औषधाचं काय? लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत रोगाची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ०.४५चा फरक पडला. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय, आणि तेही फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना. मी या औषधाला कमी लेखत नाही. पण आपल्याकडे तो सुरुवातीचा टप्पा ओळखणार कोण? मेंदूतला बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतो, हेसुद्धा पाठपुराव्यानेच कळलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये म्हटलं की १४ जोखमी आयुष्यभर टाळता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात: अपुरं शिक्षण, बहिरेपण, अंधूक दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, हवेचं प्रदूषण, एकटेपण वगैरे. यांतल्या कशाचं वजन भारतात किती, हे ठरवल्याशिवाय आधी श्रवणयंत्रं वाटायची की गोठ्याशेजारची चूल हलवायची, हे आरोग्य विभाग कसं ठरवणार?

या कामाला लागणारी माणसं आणि नोंदी आपल्याकडे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात १० हजार ग्रामस्थांचा पाठपुरावा करायला निघालं आहे. ते केंद्र एका उद्योजकाच्या देणगीवर उभं राहिलं. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातल्या १९३४पासूनच्या जन्मनोंदींवरून तेव्हाची बाळं म्हातारपणी शोधून काढून त्यांची बुद्धी तपासली गेली. आणि पुण्याजवळच्या ६ गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून सुमारे ८०० गर्भवती आणि त्यांच्या मुलांच्या मागे आहेत. त्या बायकांचं त्या वेळचं वजन, खाणं, शेतातले कष्ट, रक्तातलं बी-१२, सगळं नोंदलेलं आहे. बी-१२ निम्म्याहून अधिक जणींचं कमी होतं. त्या वेळी विशीत असलेल्या या बायका आता पन्नाशीत आहेत. तरुणपणीच्या पोषणाचा आणि म्हातारपणीच्या स्मृतीचा संबंध काय, हे सांगू शकेल अशी नोंद महाराष्ट्रात याहून सरस कुठे मिळेल? त्यांच्या स्मरणशक्तीची नोंद आत्ता, ती शाबूत असताना व्हायला हवी, आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी, त्या ऐंशीच्या होईपर्यंत.

त्यासाठी यंत्रांहून अधिक गरज आहे ती गावातल्या सेविकेची. कोणाच्या घरी केव्हा जायचं, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय, कोणती आजी कानाने कमी ऐकते म्हणून उत्तर देत नाही आणि कोणती खरंच विसरते, हे तिला ठाऊक असतं. अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेली सेविका दुसऱ्या वर्षी बदलली की ही सगळी जाण तिच्याबरोबर जाते, आणि नव्या बाईला दारात पुन्हा ओळख सांगावी लागते. तिला कायम नोकरी द्या. प्रत्येक भेटीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब, साखर, कान, डोळे तपासून तिथल्या तिथे कागद हातात द्या, आणि मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेची तारीखही. सांभाळ की संशोधन हा वाद त्या घरापुरता मिटेल, आणि पुढच्या फेरीला दार उघडलं जाईल. राज्याचा आरोग्य विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी पुण्याजवळच्या या ६ गावांपासून सुरुवात करावी आणि पहिल्याच आदेशात पुढच्या दहा फेऱ्यांची तरतूद लिहावी.